माहितीचें संरक्षण आणि कायद्यांतील अपवाद

दुकानांत पावती करावयाची असो, मुलाला शाळेंत घालावयाचें असो, किंवा नुसतें एखाद्या इमारतीच्या फाटकांतून आंत जावयाचें असो, हल्लीं पहिला प्रश्न येतो तो फोनच्या नंबराचा. त्यामागून आधारचा क्रमांक, जन्मतारीख, घरचा पत्ता. आपण हें सर्व निमूटपणें देतों. ही माहिती कोण साठवितो, कशाकरितां वापरतो आणि कोणाच्या हातीं देतो, यावर कांहीं बंधन असावें म्हणून आपल्या संसदेनें २०२३ सालीं एक कायदा केला. त्या कायद्यानें नागरिकाला काय मिळालें हें वर्तमानपत्रांतून बरेंच सांगण्यांत आलें आहे. मी आज त्याच्या दुसऱ्या अंगाविषयीं बोलणार आहें. असें संरक्षण देणाऱ्या कायद्यांत, लोकांच्या सुरक्षिततेसाठीं म्हणून, सरकारकरितां कांहीं अपवाद ठेवलेले असतात. ते कोणत्या शब्दांत लिहावे आणि ते लागू झाले कीं नाहीं हें कोणीं ठरवावें, एवढाच माझा विषय. मी व्याकरण शिकवीत असें तेव्हां पाहत असें कीं विद्यार्थी नियम चटकन् पाठ करतो आणि अपवादाचें पान उलटून पुढें जातो. परीक्षक मात्र नेमका अपवादावर प्रश्न काढतो. कायद्याचेंहि पुष्कळसें असेंच आहे.

हा प्रश्न अलीकडच्या यंत्रांनीं निर्माण केला अशी समजूत आहे. वास्तविक तो टपालाइतका जुना आहे. १८४४ सालीं इटालियन देशभक्त मॅझिनी लंडनमध्यें निर्वासित म्हणून राहत होता. त्याचें नांव महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. आपलीं पत्रें वाटेंत कोणी फोडीत असावें असा त्याला संशय आला, तेव्हां त्यानें पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, एखादा केस असें कांहीं घालावयाची युक्ति योजिली. पत्रें हातीं पडलीं तेव्हां आंतील दाणे नाहींसे झाले होते! टॉमस डन्कोम नांवाच्या सभासदानें जूनमध्यें ही तक्रार पार्लमेंटापुढें मांडली आणि मोठें वादळ उठलें. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकुमानें हीं पत्रें उघडलीं जात होतीं. दोन्ही सभागृहांनीं चौकशीसाठीं गुप्त समित्या नेमल्या. पत्रें उघडण्याचा अधिकार सरकारकडून काढून घेण्यांत आला नाहीं. परंतु परदेशी टपाल चोरून वाचणारी पोस्टांतील गुप्त शाखा त्यानंतर मोडण्यांत आली. हें सारें घडूं शकलें तें एका माणसाला आपलें पत्र फोडल्याचा सुगावा लागला म्हणून. पाकिटाला निदान कडा असते, डिंक असतो. फोनवरील संदेशांत खसखस घालण्याची सोय नाहीं.

हिंदुस्थानांत हा अधिकार १८८५ च्या तार-कायद्याच्या ५ व्या कलमानें सरकारच्या हातीं आला. ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवली असेल, किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितते’साठीं जरूर असेल, तर तार अडवावी, तिच्यांतील मजकूर पाहावा, असा त्याचा आशय. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यांत पत्रांसाठींहि हेच शब्द योजण्यांत आले. परकीय सरकारला या शब्दांची व्याख्या करण्याची गरज भासली नाहीं, हें समजण्यासारखें आहे. नवल हें, कीं स्वराज्य आल्यावरहि ती झाली नाहीं. १९७२ च्या दुरुस्तीनें देशाचें सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांची त्यांत भर घालण्यांत आली. पण मूळचे मोघम शब्द जागच्या जागीं राहिले. तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तारेच्या कायद्याच्या आधारानें लोकांचे टेलिफोन ऐकणें मात्र त्यानंतरहि चालू होतें.

घटना तयार होत असतां या गोष्टीकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें असें नाहीं. १९४७ सालीं मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढें श्री. कन्हैयालाल मुनशी यांनीं जो मसुदा ठेवला त्यांत पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता, आणि डॉ. आंबेडकरांच्या मसुद्यांत घर, कागदपत्र व चीजवस्तु यांच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण होतें. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर व घटनासल्लागार बी. एन. राव यांनीं हरकत घेतली. गुन्ह्यांच्या तपासाला यामुळें अडथळा येईल, असें त्यांचें म्हणणें. हीं कलमें गळालीं. पुढें डिसेंबर १९४८ मध्यें मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं झडतीविषयींची दुरुस्ती घटनासमितींत पुन्हा मांडली. डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. फौजदारी कायद्यांत अशी तरतूद आहेच, परंतु ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणें इष्ट होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. तरीहि अखेर सभागृहानें ती फेटाळली. त्या दिवसांतील ती एक हुकलेली संधि होती, असें माझें मत आहे.

घटनेंत जें स्पष्ट लिहिलें गेलें नाहीं तें न्यायालयांना हळूहळू शोधून काढावें लागलें. टेलिफोन ऐकण्यासंबंधींचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल डिसेंबर १९९६ चा. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ म्हणजे सर्वसाधारण जनता धोक्यापासून मुक्त असण्याची स्थिति, असा अर्थ न्यायालयानें केला; आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे असें सांगितलें, कीं आणीबाणी किंवा सुरक्षिततेला धोका ही कांहीं झांकून ठेवण्याजोगी परिस्थिति नव्हे, कोणाहि समंजस माणसाला ती उघड दिसली पाहिजे. हुकूम गृहसचिवानेंच काढावा, त्याला मुदत असावी, आणि एका समितीनें तो तपासावा, असे निर्बंधहि घातले. मात्र फोन ऐकण्यापूर्वीं न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही मागणी मान्य झाली नाहीं. मूळ कायद्यांत तशी तरतूद नसतां न्यायालय ती घालूं शकत नाहीं, असें कारण देण्यांत आलें. म्हणजे तें काम संसदेचें होतें.

या निकालाचा उपयोग कसा होतो याचें उदाहरण मुंबईचेंच आहे. लाचेच्या एका आरोपाच्या तपासांत फोन ऐकण्याचे तीन हुकूम निघाले होते. ऑक्टोबर २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ते रद्द केले आणि नोंदलेलीं संभाषणें नष्ट करण्यास सांगितलें, कारण त्या व्यवहारांत सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कोठें होता हें सरकारला दाखवितां आलें नाहीं. मद्रास उच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें अशाच वळणाचा निर्णय दिला. परंतु त्याच्या थोडेंच आधीं, जून २०२५ मध्यें, दिल्ली उच्च न्यायालयानें मोठ्या रकमेचा भ्रष्टाचार हाहि सार्वजनिक सुरक्षिततेच्या कक्षेंत येऊं शकतो असें धरलें. शब्द तेच, देश तोच, आणि अर्थ दोन. लाचखोराविषयीं मला मुळींच कणव नाहीं. पण प्रत्येक गंभीर गुन्हा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ठरूं लागला तर कायद्यांत ते शब्द घातले काय आणि न घातले काय, सारखेंच.

उलट पक्षीं, सरकारनें कोणाचेंहि बोलणें कधींच ऐकूं नये असें कोणी म्हणेल तर तें मुंबईकराला तरी पटणार नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला झाला तेव्हां हल्लेखोर परदेशांत बसलेल्या आपल्या सूत्रधारांशीं फोनवरून बोलत होते. तीं संभाषणें आपल्या यंत्रणांनीं ऐकलीं, नोंदून ठेवलीं, आणि पुढें खटल्यांत तीं पुराव्यादाखल आलीं. १६६ माणसें त्या हल्ल्यांत मेलीं. अशा वेळीं सुरक्षिततेला धोका आहे कीं नाहीं हें कोणाला विचारावें लागत नाहीं. १९९६ च्या निकालांतील समंजस माणसाला तो रस्त्यावरूनच दिसत होता. तेव्हां अधिकार असावा याविषयीं वाद नाहीं. तो कोणत्या चौकटींत असावा एवढाच प्रश्न उरतो, आणि येथें आपल्याला २०२३ च्या कायद्याकडे वळावें लागतें.

या कायद्याचें मूळ २०१७ सालांत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं, निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमतानें निर्णय दिला. सरकारला त्यांत हात घालावयाचा असेल तर कायद्याचा आधार हवा, हेतु रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या मानानें बेताचा हवा, असें निकालांत सांगितलें आहे. उंदीर झाले म्हणून घर पेटवूं नये, असा या शेवटच्या अटीचा भाव. त्याच सुमारास न्यायमूर्ति बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालीं माहिती-संरक्षणाच्या कायद्यासाठीं समिति नेमण्यांत आली. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे न्यायमूर्ति ते हेच. समितीनें जुलै २०१८ मध्यें मसुदा दिला.

आतां एकाच अपवादाचे शब्द कसकसे बदलत गेले तें पाहा. २०१८ च्या मसुद्यांत असें होतें, कीं राज्याच्या सुरक्षिततेसाठीं माहिती घ्यावयाची तर संसदेनें केलेला स्वतंत्र कायदा हवा, त्यांतील रीत पाळली पाहिजे, आणि घेतलेली माहिती आवश्यक व प्रमाणशीर हवी. डिसेंबर २०१९ मध्यें सरकारनें मांडलेल्या विधेयकांत स्वतंत्र कायद्याची अट गेली. ‘आवश्यक किंवा इष्ट’ वाटल्यास, कारणें लेखी नमूद करून, सरकारनें आपल्या कोणत्याहि खात्याला सूट द्यावी असें आलें. ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ यांत किती अंतर आहे हें कोणाहि गृहिणीला खर्चाची वही लिहितांना समजतें. न्या. श्रीकृष्ण यांनीं स्वतः या कलमावर जाहीर टीका केली. संसदेच्या संयुक्त समितीनें डिसेंबर २०२१ मध्यें अहवाल देतांना रीत न्याय्य, वाजवी व प्रमाणशीर असावी असें सुचविलें; कांहीं सभासदांनीं तेवढ्यानें समाधान न होऊन भिन्नमतपत्रिका जोडल्या. समितीनें एकंदर ८१ दुरुस्त्या सुचविल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्यें तें विधेयकच मागें घेण्यांत आलें.

मग नवें, आटोपशीर विधेयक आलें. ३ ऑगस्ट २०२३ रोजीं तें लोकसभेंत मांडलें गेलें, ७ तारखेस तेथें व ९ तारखेस राज्यसभेंत संमत झालें, आणि ११ तारखेस राष्ट्रपतींची सही झाली. पांच वर्षें चाललेला विचार नऊ दिवसांत संपला. यांतील चांगल्या गोष्टी नाकारावयाच्या नाहींत: व्यापाऱ्यानें माहिती कशासाठीं हवी तें सांगून संमति घेतली पाहिजे, चूक असेल तर ती दुरुस्त केली पाहिजे, काम संपल्यावर माहिती पुसून टाकली पाहिजे; माहिती सांभाळण्यांत हयगय केल्यास २५० कोटि रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु १७ व्या कलमांत असें आहे, कीं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादि कारणांसाठीं केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कोणत्याहि यंत्रणेला हा कायदाच लागू नाहीं असें ठरवूं शकतें. त्या यंत्रणेनें सरकारला पुरविलेली माहितीहि कायद्याबाहेर. ‘आवश्यक’ नाहीं, ‘प्रमाणशीर’ नाहीं, लेखी कारणेंहि नाहींत. शिवाय ४१ व्या कलमानें नियम व कांहीं ठराविक अधिसूचना संसदेपुढें ठेवाव्या लागतात. त्या यादींत १७ व्या कलमाखालील अधिसूचनेचा समावेश नाहीं. याच कायद्यानें माहितीच्या अधिकाराचें एक कलमहि बदललें आहे. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले. मंडळाच्या स्थापनेचा भाग लगेच अमलांत आला, आणि व्यापाऱ्यांवरील मुख्य बंधनें अठरा महिन्यांनंतर लागू व्हावयाचीं असें ठरलें.

२०२३ च्याच डिसेंबरांत दूरसंचाराचा नवा कायदा झाला आणि १८८५ च्या ५ व्या कलमाची जागा त्याच्या २० व्या कलमानें घेतली. ‘सार्वजनिक आणीबाणी’ व ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द तेथेंहि आहेत आणि व्याख्या अजूनहि नाहीं. डिसेंबर २०२४ च्या नियमांप्रमाणें हुकूम गृहसचिव काढतात, आणि तो तपासणाऱ्या केंद्रीय समितींत मंत्रिमंडळ सचिव, विधि सचिव व दूरसंचार सचिव बसतात. तिघेहि सरकारी अधिकारी. न्यायाधीश त्यांत कोणी नाहीं, संसदेचा सभासदहि नाहीं. या तिघांच्या सचोटीबद्दल मला शंका घ्यावयाची नाहीं. परंतु एका कचेरीचा हिशेब त्याच कचेरीतील दुसऱ्या टेबलावर तपासला जावा, ही पद्धति आपण सहकारी पतपेढींतहि चालवून घेत नाहीं. ज्या इंग्लंडकडून आपण हें कलम घेतलें त्यानें २०१६ सालीं कायदा करून मंत्र्याच्या हुकुमाला न्यायिक आयुक्ताची मंजुरी लागेल असें ठरविलें. जर्मनींत तर ज्याचें बोलणें ऐकलें गेलें त्याला, तपासाला बाध येण्याची भीति उरली नाहीं म्हणजे, मागाहून तसें कळवावें लागतें. मग त्याला न्यायालयांत जातां येतें. मुंबईच्या २०१९ च्या प्रकरणांत संबंधितास हें कळलें तें त्याच्यावर खटला झाला म्हणून. ज्याच्यावर खटलाच झाला नाहीं अशा माणसाला कळविण्याची तरतूद आपल्या नियमांत नाहीं.