पाचोऱ्याच्या उन्हात हिरवागार

मे महिन्यात पाचोऱ्याचा पारा सहज 44 अंशांपलीकडे जातो. कपाशीची उलंगवाडी कधीच झालेली असते, काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा उन्हात घराच्या गच्चीपर्यंत वाढलेला, अंगाला चारदोन फांद्या फुटलेला सेरियस निवडुंग पाहिला, की थक्क व्हायला होतं. पान एक नाही, तरी अंग हिरवंगार!

हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे, अर्जेंटिना हा त्याचा मुलूख. पानांचं काम त्यानं खोडावर सोपवलंय आणि पानांचे काटे केलेत. जवळ जाऊन नीट पाहा. खोडाच्या प्रत्येक धारेवर ओळीनं लव असलेल्या बारीक गाद्या दिसतील. काटे निघतात ते या गादीतून. फूल तिथूनच येतं आणि नवी फांदीही तिथूनच फुटते. शेंडा जोमात असेपर्यंत तो खालच्या गाद्यांना दाबून ठेवतो. शेंडा छाटला किंवा मोडला, की त्या जाग्या होतात. खोडाच्या धारा हार्मोनियमच्या भात्यासारख्या आहेत: पाणी मिळालं की फुगतात, ताण पडला की मिटतात, पण साल फाटत नाही.

त्याचं खरं नवल रात्री घडतं. बहुतेक झाडं दिवसा श्वासरंध्रं उघडतात आणि त्यातून पाणी उडून जातं. निवडुंग ती रात्रीच्या गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड घेतो आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसा दारं बंद करून त्याच साठ्यावर उन्हाच्या बळानं अन्न बनवतो. त्याचं वीतभर पांढरं फूलही रात्री उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मलूल होतं.

आपल्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग दिसतो असाच, पण तो या घराण्याचा नाही. तो एरंडाचा भाऊबंद. त्याचे काटे जोडीजोडीनं येतात, त्यांच्या बुडाशी लवेची गादी नसते, आणि खोडाला जखम झाली की पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ओळख काट्यांवरूनच पटवावी. दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या कुळांनी कोरड्यावर एकच तोड काढली, हे मला निसर्गातलं फार मोठं आश्चर्य वाटतं.

खानदेशचं ऊन सेरियसला मानवतं. त्याला मारते ती आपली काळी जमीन. कपाशीला जी ओल धरून ठेवण्याची ताकद वरदान ठरते, तीच निवडुंगाची मुळं कुजवते. म्हणून मुरूम आणि जाड वाळू भरपूर घ्या, त्यात थोडीच माती आणि थोडंसं कुजलेलं शेणखत मिसळा. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली हवी. अंगणात लावायचा तर आधी मुरमाचा उंचवटा करा, म्हणजे पावसाळ्यात बुडाशी पाणी तुंबणार नाही. उन्हाळ्यातही माती आतपर्यंत सुकल्यावरच पाणी द्या. थंडीत जवळजवळ नकोच. रोपवाटिकेच्या सावलीतलं रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नका, साल भाजते. रोज थोडं थोडं ऊन वाढवा.

नवं झाड करायला फेब्रुवारी-मार्चचा कोरडा काळ चांगला. फूटभर तुकडा कापा, शेंड्याकडची बाजू लक्षात ठेवा आणि जखम कोरडी, टणक होईपर्यंत आठ-पंधरा दिवस सावलीत ठेवा. मग सरळ उभा लावा, काठीचा आधार द्या आणि पहिला आठवडा पाणी देऊ नका.

ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या साग्वारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायला अनेकदा पन्नासहून अधिक वर्षं लागतात. आपला सेरियस एवढी वाट पाहायला लावत नाही. नव्या तुकड्याला मुळं धरू द्या आणि ज्या झाडाचा तो कापला, त्या झाडाच्या कापाखालच्या गाद्यांवर लक्ष ठेवा: छाटलेल्या एका शेंड्याच्या जागी तिथं दोन-तीन नवे शेंडे निघू शकतात.