आधी सांगाडा, मग ताकद
जुन्या मस्टँगला आडवे धावायला कसे शिकवतात?

आपल्या घरातील तरुण मुले मोबाइलवर एक प्रकारची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत असतात. लांब नाकाची जुनी अमेरिकन मोटार वळणावर चक्क आडवी होते, मागच्या टायरांतून पांढरा धूर उठतो आणि तरीही ती न उलटता वळण पार करते. मुलगा म्हणतो, हे ड्रिफ्टिंग. आई म्हणते, चांगल्या टायरांची नासाडी. वडील म्हणतात, पैसेवाल्यांचे चाळे. तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. परंतु त्या धुरामागे जे काम असते, ते पत्र्याचे, वेल्डिंगचे आणि पान्याचे काम असते. आपल्या वस्तीतील कितीतरी हात असल्याच कामावर घर चालवतात. म्हणून ते काम नीट समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

मोटार सरळ धावण्यासाठी जन्मली

१९६४ साली अमेरिकेत पाँटिअ‍ॅक कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन घातले आणि 'जीटीओ' विकायला काढली. अशा गाड्यांना पुढे 'मसल कार', म्हणजे दंडात बळ असलेली मोटार, असे नाव पडले. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्ड कंपनीने न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 'मस्टँग' दाखवली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. दोन वर्षांच्या आत दहा लाख मस्टँग तयार झाल्या. काटेकोर जाणकार तिला 'पोनी कार' म्हणतात, पण बोलीभाषेत तीही मसल कारमध्येच मोडते.

या गाड्यांचे ध्येय एकच होते. सिग्नल सुटला की सरळ रस्त्यावर पाव मैल सर्वांच्या पुढे जाणे. वळण त्यांच्या हिशेबात नव्हते. मागे अखंड दांड्याचा अ‍ॅक्सल आणि टेम्पोला असतात तसे पाटे. स्टिअरिंग जड आणि संथ. ब्रेक बहुतेक गाड्यांना चारही चाकांवर ड्रमचे.

आडवे धावण्याची कला दुसऱ्या देशातली

ड्रिफ्टिंग जपानमध्ये वाढले. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा शर्यतपटू वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवून गाडी नेत असे. त्याला पाहून केइची त्सुचिया डोंगरी घाटात हे शिकला. त्सुचियाचे नाव टोयोटाच्या ज्या 'एई ८६' मोटारीशी जोडले गेले, तिचे इंजिन अवघ्या १.६ लिटरचे होते. म्हणजे ही कला हलक्या, लहान गाडीवर घडली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि २००४ साली 'फॉर्म्युला ड्रिफ्ट' स्पर्धा सुरू झाली. २०१० साली व्हॉन गिटिन (ज्युनियर) याने नव्या बांधणीच्या मस्टँगवर ती जिंकली.

या स्पर्धेत घड्याळ लावीत नाहीत. गाडी ठरलेल्या रेषेतून किती तिरकी, किती सफाईने गेली, याला गुण असतात. दोन गाड्या एकापाठोपाठ सोडतात आणि मागच्याने पुढच्याला शक्य तितके चिकटून राहायचे असते. मागची चाके घसरत असताना पुढची चाके उलट दिशेला वळवून धरायची आणि अ‍ॅक्सिलरेटर तोलून दाबायचा, हे त्याचे मर्म. यासाठी मागच्या चाकांना ताकद मिळणारी गाडी सोयीची. आपली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही मागच्याच चाकांवर चालत असे.

२००६ साली 'टोकियो ड्रिफ्ट' हा इंग्रजी चित्रपट आला. त्यात १९६७ च्या मस्टँगमध्ये निसानचे जपानी इंजिन बसवून तिला ड्रिफ्टिंगसाठी उभे केल्याचे कथानक आहे. चित्रीकरणासाठी अशी एक गाडी खरोखरच तयार केली होती. खुद्द त्सुचिया त्यात कोळ्याच्या छोट्या भूमिकेत दिसतो. जुनी अमेरिकन मोटार आडवी धावू शकते, ही हौस त्या चित्रपटानंतर जगभरच्या तरुणांच्या मनात भरली.

कामाचा क्रम

आता मुख्य गोष्ट. समजा कोणी १९६५ ची मस्टँग आणली. नवशिका माणूस प्रथम इंजिनाकडे धावतो. मुरलेला मिस्त्री प्रथम गाडीखाली शिरतो.

पहिली पायरी गंजाची. मस्टँगला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. समोरच्या काचेखाली ताजी हवा आत घेणारी एक पेटी असते. तिच्यात पावसाचे पाणी साठते, आतून गंज धरतो आणि पाणी थेट पायाखालच्या पत्र्यावर ठिबकते. ही पेटी स्पॉट वेल्डने बंद केलेली असल्यामुळे एकेक टाका ड्रिलने सोडवून ती उघडावी लागते. फरशीचा पत्रा आणि खालचे आडवे-उभे बीम तपासून, कुजलेला भाग कापून नवा जोडावा लागतो. वरून लांबी भरून रंग मारला तर गाडी फोटोत देखणी दिसेल, पण पहिल्याच जोरदार वळणात सांगाडा पिळवटेल.

दुसरी पायरी जीव वाचविण्याची. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये स्टिअरिंगचा दांडा एकसंध, लांब आहे. समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीवर येतो. धक्क्यात दबणारा दांडा नंतरच्या मॉडेलांत आला. त्याहून धोक्याची बाब म्हणजे पेट्रोलच्या टाकीचे वरचे झाकण हेच डिकीची फरशी आहे. म्हणून ती टाकी काढून शर्यतीची सुरक्षित टाकी बसवतात आणि डिकी व चालक यांच्यामध्ये पोलादी पडदा घालतात. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करतात. गाडी उलटली तर तो छप्पर खाली येऊ देत नाही आणि सांगाड्यालाही घट्ट बांधतो. घट्ट धरणारी सीट, पाच-सहा पट्ट्यांचा बेल्ट आणि आग विझविण्याचे नळकांडे हे सारे इंजिनाआधी.

तिसरी पायरी ताबा ठेवण्याची. पुढे डिस्क ब्रेक. जुन्या स्टिअरिंगच्या जागी रॅक-पिनियन. रस्त्यावरच्या गाडीची पुढची चाके साधारण ३०-३५ अंश वळतात. स्पर्धेतील ड्रिफ्ट गाडीची ६० अंशांच्याही पुढे जातात. त्यासाठी चाकाजवळचे सांधे बदलावे लागतात. मागचे चाक क्षणात अडविणारा हायड्रॉलिक हँडब्रेक लागतो. साध्या डिफरन्शिअलमध्ये वळणावर एकच चाक मोकळे फिरून ताकद वाया जाते. म्हणून दोन्ही चाके मिळून फिरतील असा डिफरन्शिअल घालतात. हातावर पैसे कमी असलेले लोक त्याचे आतले दाते वेल्डच करून टाकतात.

चौथी पायरी थंडाव्याची. आडव्या गाडीच्या रेडिएटरला समोरची हवा पुरेशी मिळत नाही, आणि बाजूच्या झोताने इंजिनातले तेल एका कडेला जाऊन बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून मोठा रेडिएटर आणि तेल अडवून धरणारे पडदे असलेला ऑइल चेंबर.

या सगळ्यानंतर ताकद! त्या काळचे ४.७ लिटरचे व्ही-८ इंजिन जास्तीत जास्त २७१ अश्वशक्ती देत असे. शिकणाऱ्याला तेवढी पुष्कळ झाली. केन ब्लॉक या अमेरिकन चालकाची १९६५ ची मस्टँग २०१४ साली जगाने पाहिली, तेव्हा ती ८४५ अश्वशक्तीची होती आणि तिची चारही चाके ओढत होती. लोकांनी तो आकडा पाठ केला. पण ती गाडी उभी करायला दोन वर्षे लागली होती, आणि नाव सोडल्यास तिच्यात मूळ मस्टँग फारशी उरली नव्हती, हे कोणी पाठ केले नाही.

कोणती गाडी कापावी?

यावर तिकडे खरा वाद आहे. मूळ इंजिन, मूळ रंग टिकलेली गाडी म्हणजे इतिहास. ती कापून पिंजरा घातला की पुन्हा जोडता येत नाही. आमच्या मते सुज्ञ लोकांनी काढलेला मार्ग योग्य आहे. अखंड गाडी जशीच्या तशी जपावी. सहा सिलिंडरची साधी किंवा गंजून मोडीत निघालेली गाडी ड्रिफ्टिंगसाठी घ्यावी.

हा इतिहास केवळ पत्र्याचा नाही. डॉज कंपनीची 'चॅलेंजर' ही गाजलेली मसल कार डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅम्क येथील 'डॉज मेन' कारखान्यात तयार होत असे. त्याच कारखान्यात मे १९६८ मध्ये कामाचा वेग वाढविण्याविरुद्ध संप झाला आणि काळ्या कामगारांनी 'डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' ही स्वतःची संघटना उभारली. सर्वांत जड आणि घाणीचे काम त्यांच्याच वाट्याला येत होते. १९८० साली तो कारखाना बंद झाला. आज ती चॅलेंजर लिलावात मोठ्या किमतीला जाते. मालकाचे नाव जाहीर होते. टाका मारणाऱ्याचे नाव कुठेच नसते. गाडीखाली शिरणाऱ्याला मात्र तो टाका दिसतो.

पालकांनी काय सांगावे?

मुलांना "बघू नकोस" म्हणून भागणार नाही. त्यांना हे सांगावे की ड्रिफ्टिंगची जागा बंदिस्त मैदान आहे. तिथे रुग्णवाहिका उभी असते आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी नसते. आपल्या रस्त्यावर असले धाडस म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचा जीव. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या संमतीविना रस्त्यावर शर्यत हा गुन्हा आहे. कलम ५२ नुसार गाडीचा मूळ तपशील मनाला येईल तसा बदलता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले. दुचाकीचा सायलेन्सर कापणाऱ्या मुलांनीही हे ध्यानात घ्यावे.

पण त्याच्या हौसेला वाट द्यावी. आयटीआयमध्ये वेल्डर, मोटार मेकॅनिक, टर्नर हे अभ्यासक्रम आहेत. ज्याला डिफरन्शिअल का अडवतात हे समजले, त्याला गॅरेजमध्ये नुसता हेल्पर म्हणून राहावे लागणार नाही. पुढच्या वेळी मुलगा अशी चित्रफीत दाखवील तेव्हा त्याला विचारा, "यात पिंजरा कुठे आहे? टाकी कुठे बसवली आहे?" त्याला उत्तर देता आले, तर तो धूर सोडून काम पाहू लागला आहे असे समजावे.