'कॉन्शस' म्हणजे नुसते डोळे उघडे नव्हेत

"डॉक्टर, पेशंट कॉन्शस आहे ना?" हा प्रश्न हल्ली खेड्यातले नातेवाईकही विचारतात. शब्द तोंडी बसला, पण त्याचा अर्थ बहुतेक जण 'डोळे उघडे आहेत' एवढाच घेतात.

मूळ लॅटिन. 'कॉन' म्हणजे सह आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. एखादी गोष्ट दुसऱ्याच्या जोडीने ठाऊक असलेला, पुष्कळदा कटातला साथीदारसुद्धा, असा त्याचा जुना अर्थ होता. सदसद्विवेकबुद्धी या अर्थाचा 'कॉन्शन्स' त्याच कुळातला, इंग्रजीत मात्र आधी आलेला. स्वतःच्या मनात काय चालले आहे ते जाणणे, हा अर्थ जॉन लॉक या तत्त्वज्ञाने १६९० सालच्या ग्रंथात मांडला. हे गृहस्थ वैद्यकही शिकलेले होते, म्हणून आम्हा डॉक्टरांना ते जरा जवळचे!

मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. शुद्ध वेगळी, भान वेगळे, जाणीव वेगळी. तापात बरळणाऱ्याचे डोळे उघडे असतात, पण त्याला भान नसते.

दवाखान्यात मात्र मोजमाप लागते. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी त्यासाठी एक मापनपद्धती सुचवली. डोळे, बोलणे आणि हालचाल यांना गुण द्यायचे. आज पूर्ण शुद्धीला १५ गुण, कमीत कमी ३. ८ किंवा त्याखाली म्हणजे खोल बेशुद्धी. आपणहून डोळे उघडे असण्याचे गुण फक्त ४. उरलेले ११ बोलण्याचे आणि सांगितलेले ऐकून हात हलवण्याचे.

म्हणून घरी कुणी ग्लानीत वाटले तर त्याला नाव विचारा, कुठे आहोत ते विचारा, हात वर करायला सांगा. मधुमेहाचा रुग्ण गोंधळला असेल, तर साखर उतरलेली असू शकते. तो नीट जागा असेल आणि गिळू शकत असेल, तरच साखरपाणी द्या. अर्धवट शुद्धीतल्याच्या तोंडात पाण्याचा घोटही घालू नका. तो श्वासनलिकेत जातो. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा (अपघात असेल तर मान हलू न देता) आणि १०८ ला फोन करा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

आणि डॉक्टरला फोनवर "शुद्धीवर आहे" एवढेच सांगू नका. काय विचारले, काय उत्तर आले आणि किती वाजल्यापासून असे आहे, ते सांगा.