शंकू आणि फूल

हिमालयातील चीड वृक्षाचा पिकलेला शंकू उघडला, की त्याच्या लाकडी खवल्यांच्या बेचक्यांत पंख असलेल्या बिया दिसतात. प्रत्येक खवल्याच्या वरच्या अंगाला दोन बिया असतात आणि त्यांच्याभोवती फळाचे आवरण नसते. आंब्याची बी मात्र कोयीत आणि गरात गुरफटलेली असते, कारण ती ज्या बीजांडापासून तयार होते ते फुलातील अंडाशयात बंदिस्त असते. या भेदावरून बीजधारी वनस्पतींचे अनावृतबीजी आणि आवृतबीजी असे दोन गट पडतात. शंकुधारी वृक्षांची बीजांडे उघडी असतात, हे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२०च्या दशकात दाखवून दिले. कोवळ्या शंकूचे खवले घट्ट मिटलेले असतात खरे, पण खवल्यांनी झाकणे वेगळे आणि अंडाशयात बंद असणे वेगळे.

चिडाचे नर शंकू लहान, मऊ आणि झुबक्यांनी येणारे असतात. त्यांच्या परागकणांना हवेच्या दोन पिशव्या असतात. वाऱ्यावर आलेला कण बीजांडाच्या तोंडाशी असलेल्या द्रवाच्या थेंबात अडकून थेट आत ओढला जातो. फलन होते ते सुमारे वर्षभराने, आणि बी पिकायला आणखी जवळजवळ एक वर्ष लागते. फुलात परागकण आधी कुक्षीवर पडतो, तेथे रुजतो आणि त्याची नलिका कुक्षीवृंतातून खाली अंडाशयापर्यंत वाढते. बहुतेक फुलांत हे काम काही तासांत किंवा दिवसांत उरकते.

सर्वांत मोलाचा फरक बीच्या शिदोरीत आहे. चिडाच्या बीजांडात गर्भासाठी लागणारी अन्नपेशींची ऊती फलनापूर्वीच तयार होते. फलन झाले नाही, तर तो खर्च वाया जातो. फुलात दोन पुंपेशी कामी येतात. एकीपासून गर्भ बनतो, तर दुसरीच्या संयोगातून भ्रूणपोष तयार होतो. म्हणजे फलन झाल्यावरच अन्न साठू लागते. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी शोधले. गहू आणि तांदळाचा पिठूळ भाग म्हणजे हाच भ्रूणपोष.

लाकडाची घडणही वेगळी असते. चिडाच्या लाकडात पाणी लांबट, टोकांना बंद असलेल्या वाहिनिकांमधून, भिंतींतील खळग्यांवाटे पुढे सरकते. सागाच्या लाकडात रुंद, सलग नळ्या असतात. आडव्या कापावर त्यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. नीटमसारख्या काही अनावृतबीजी वनस्पतींतही अशा नळ्या आढळतात, त्यामुळे केवळ लाकडावरून गट ठरवता येत नाही.

पानांवरून तर मुळीच नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूला सुया आणि शंकू दोन्ही असल्यासारखे वाटते, पण सुरू सपुष्प वनस्पती आहे. त्याच्या हिरव्या ‘सुया’ म्हणजे सांधे असलेल्या बारीक डहाळ्या. खरी पाने प्रत्येक सांध्यावर इवल्याशा खवल्यांच्या वलयासारखी असतात. त्याचे काटेरी बोंड हा फळांचा समूह असतो. त्याच्या चोचींतून पंखधारी दाणा बाहेर पडतो. तो दाणा म्हणजे एकच बी असलेले पूर्ण फळ असते.