काइली ते झाओशिंग: गुइझोऊच्या घाटातला बसचा दिवस

नैर्ऋत्य चीनमधल्या गुइझोऊ प्रांताबद्दल एक जुनी म्हण आहे: तिथे सलग तीन दिवस ऊन पडत नाही, तीन ली (अंतराचं चिनी माप) सपाट जमीन सापडत नाही आणि कुणाच्या गाठीला तीन नाणी नसतात. पाऊस अजून तसाच आहे. प्रांताचा 92 टक्क्यांहून अधिक भाग डोंगर-टेकड्यांचा, तोही हलायचा नाही. रस्ते मात्र पार बदलले. त्या बदलात गावांचं काय झालं हे बघायचं असेल तर काइलीहून रोंगजियांग, तिथून त्सोंगजियांग आणि पुढे झाओशिंग असा प्रवास जुन्या रस्त्याने, साध्या बसने करावा. दिवस त्यातच जातो.

काइली हे म्याओ आणि डोंग जमातींच्या स्वायत्त विभागाचं मुख्य ठाणं. बसस्थानकात शिरताना सामान एक्स-रे यंत्रातून जातं. तिकिटाला ओळखपत्र लागतं, परदेशी माणसाला पासपोर्ट. ही सगळी शिस्त स्थानकाच्या फाटकापर्यंतच. बाहेर पडल्यावर रस्त्याकडेला कुणी हात केला की गाडी थांबते. याचं कारण हिशेबात आहे. असे कित्येक मार्ग वर्षानुवर्षं ठेक्याने चालत आले; कंपनीला ठरलेली रक्कम भरली की वरची कमाई चालकाची. म्हणूनच आडमार्गावरची छोटी गाडी वेळापत्रकापेक्षा भरलेल्या बाकांकडे बघून सुटते.

चालकाशेजारी चहाची पानं तरंगणारी काचेची बाटली असते आणि तिच्यामागे पार्सलांचा ढीग. कुणाचं औषध, कुणाचा चिकट तांदळाचा कट्टा, कुणाच्या यंत्राचा सुटा भाग. प्रत्येकावर मार्करने फोन नंबर लिहिलेला. गाव जवळ आलं की चालक फोन लावतो. वळणावर कुणीतरी उभं असतं, खिडकीतून कट्टा खाली जातो आणि गाडी पुन्हा चालू लागते. घाटात बस लागणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या असतात आणि त्या वापरल्याही जातात.

काइलीच्या दक्षिणेला लेईगोंग पर्वताची रांग लागते. हा मोठा जलविभाजक आहे. काइलीकडचं पाणी छिंगश्वे नदीतून शेवटी यांगत्सेला मिळतं, तर रोंगजियांगकडचं पाणी दूलियू नदीतून पर्ल नदीच्या खोऱ्यात, म्हणजे ग्वांगडोंगच्या समुद्राकडे जातं. माणसंही पाण्याच्याच दिशेने गेली, ते पुढे.

घाट उतरल्यावर डोंगरउतारावर भाताची खाचरं दिसू लागतात. त्सोंगजियांगच्या डोंग शेतकऱ्यांची भात, मासे आणि बदकं एकाच खाचरात वाढवण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2011 साली जागतिक कृषिवारसा म्हणून नोंदवली. बसमध्ये हा वारसा बांबूच्या टोपलीत बसून ओरडत असतो, कारण बदकं बाजाराला निघालेली असतात.

इथले बाजार साधारण पाच-सहा दिवसांच्या फेऱ्याने भरतात आणि शेजारच्या गावांचे दिवस एकमेकांना टाळून ठरलेले असतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जी. विल्यम स्किनर यांनी 1949-50 मध्ये सिचुआनमध्ये अभ्यास केला आणि 1964-65 मध्ये त्यावर गाजलेले लेख लिहिले. त्यांचं म्हणणं असं, की चिनी शेतकऱ्याचं जग त्याच्या गावापुरतं नसतं. ज्या बाजाराला तो जातो त्या बाजाराएवढं असतं. सोयरिकी, उधारी, बातम्या सगळं तिथेच जुळतं. बसचे फाटे आजही बाजारगावांपाशी येऊन मिळतात आणि बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

मात्र गाडीत म्हातारी माणसं आणि मुलंच जास्त दिसतात. मधल्या वयाची माणसं ग्वांगडोंग, झेजियांगच्या कारखान्यांत आहेत. शाळा आणि पुढच्या प्रवेशपरीक्षा ‘हुकोऊ’ या कुटुंबनोंदणीला बांधलेल्या असल्याने मुलांना शहरात नेणं अवघड. ती आजी-आजोबांपाशी राहतात. त्यात 2001 पासून दहाएक वर्षं गावोगावच्या छोट्या शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिसळल्या गेल्या. अनेक मुलं आठवडाभर शाळेच्या वसतिगृहात असतात. शुक्रवारी दुपारी बस दप्तरांनी का भरते, ते त्यामुळे कळतं.

रोंगजियांगपासून रस्ता दूलियू नदीच्या काठाने जातो. हा 321 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, ग्वांगझोऊपासून छंगडूपर्यंतचा. चिनी नववर्षाच्या आधी ग्वांगडोंगमधले कामगार याच रस्त्याने मोटारसायकलींचे तांडे करून गावी परतायचे. रेल्वेचं तिकीट मिळायचं नाही आणि बस महाग पडायची. मग पावसात, धुक्यात, अंगावर प्लास्टिक गुंडाळून, मागे बायको-मूल बसवून शेकडो किलोमीटर. 26 डिसेंबर 2014 रोजी गुइयांग ते ग्वांगझोऊ हा 857 किलोमीटरचा जलदगती रेल्वेमार्ग सुरू झाला. वीसेक तासांचा प्रवास चार-पाच तासांवर आला आणि ते तांडे ओसरत गेले. 2015 संपता संपता प्रांतातल्या प्रत्येक काउंटीपर्यंत, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यापर्यंत, द्रुतगती मार्ग पोहोचला.

याचा फटका लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना बसला. ज्याला घाई आहे तो रेल्वेने जातो, ज्याच्याकडे पैसा आला त्याने मोटार घेतली. तरी बसचं काम संपलेलं नाही, कारण डोंगर पोखरत जाणारी रेल्वे गावांच्या सोयीने वळत नाही. त्सोंगजियांगचं जलदगती स्थानक मूळ शहरापासून बरंच दूर, झाओशिंगच्या बाजूला आहे. स्थानक ते शहर, शहर ते बाजारगाव, बाजारगाव ते वाडी हे तुकडे अजून बसच जोडते. ग्वांगडोंगहून येणारा मुलगा काही तासांत स्थानकावर उतरतो. त्याच्या आईला त्याच दिवशी बाजारातून घरी पोहोचायचं तर चारची गाडी गाठावीच लागते.

या वाटेने जायचं असेल तर पहाटेची गाडी धरावी. दुपारनंतर गाड्या झपाट्याने कमी होतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी उतरल्या उतरल्या पुढची शेवटची गाडी किती वाजता, ते खिडकीवर विचारून घ्यावं आणि मगच समोरच्या टपरीत आंबट रश्श्यातल्या शेवया मागवाव्यात. वाटेतल्या गावांचे बाजार कोणत्या दिवशी भरतात तेही आधी बघावं. त्या दिवशी बसायला जागा मिळण्याची खात्री नाही, पण गाड्या जास्त सुटतात.