तंबोऱ्याच्या कसोटीवर अँप आणि डॅक

चांगला हेडफोन घेतला की दुसऱ्याच आठवड्यात पुढचा प्रश्न उभा राहतो. आता याला अँप कोणता लावायचा, डॅक (आकड्यांतून सिग्नल बनवणारा डबा) वेगळा घ्यायचा का, की कॉम्प्युटरमध्ये एखादं साउंड कार्ड टाकून भागेल? उज्जैनला, माधव नगरात, हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरात बहुधा एक जुनं कपाट असतं आणि त्यात कॅसेटी असतात. शिंदेशाहीत इकडे आलेल्या मराठी घरांनी भाषा जपली तसं गाणंही जपलं. कुमार गंधर्व 1948 साली देवासला आले आणि 1992 पर्यंत तिथंच राहिले. देवास इथून तासाभराच्या वाटेवर आहे. त्याच देवासचे रजब अली खाँ, पलीकडे इंदूरचे अमीर खाँ. एवढी दौलत ज्याच्या आसपास होऊन गेली, त्याला हेडफोनवर काय ऐकायचं हे शिकवावं लागत नाही. मात्र ते कशातून ऐकायचं, याबद्दलचा गोंधळ मोठा आहे आणि त्या गोंधळावर बाजार पोसला जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैशांचा सर्वांत मोठा वाटा हेडफोनला द्यावा. अँप हा गणिताने निवडावा, वर्णनं वाचून नव्हे. घरातला विजेचा गुंजारव घालवण्यावर थोडे कष्ट घ्यावेत. आणि डॅकचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. दुकानात मात्र हा क्रम नेमका उलटा लागतो.

गणित शाळेतलंच आहे. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात: रोध किती ओम, आणि एका मिलिवॉटला आवाज किती डेसिबल. व्होल्टमधल्या दाबाचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती. फोनला लावायच्या साध्या डोंगलमधून एक व्होल्टच्या आसपास मिळतो. 32 ओमच्या हेडफोनला त्यातून 31 मिलिवॉट जातात, 300 ओमच्या हेडफोनला जेमतेम सव्वातीन. सेनहायझरचा एचडी 600 हा 1997 पासून चालत आलेला 300 ओमचा हेडफोन. त्याची संवेदनशीलता 97 डेसिबल धरली तर एका व्होल्टमध्ये तो 102 डेसिबलपर्यंत पोचतो. ऐकायला हे पुरेसं वाटतं. पण शास्त्रीय संगीताचं ध्वनिमुद्रण सरासरी पातळी खाली ठेवून केलेलं असतं. आलाप हलका आणि तबल्याची थाप मोठी, त्यामुळे वर मोकळी जागा लागते. 110 डेसिबलचं शिखर हवं असेल तर त्याच हेडफोनला 20 मिलिवॉट, म्हणजे अडीच व्होल्ट लागतात. डोंगल तिथं हात टेकतो.

आता दुसरं टोक पाहा. हायफायमनचा सुस्वारा 60 ओमचा आहे, पण त्याची संवेदनशीलता अवघी 83 डेसिबल. 110 डेसिबलसाठी त्याला अर्धा वॉट आणि साडेपाच व्होल्ट हवेत. म्हणजे ओम कमी म्हणून हेडफोन सोपा, ही समजूत चुकीची. हाच हिशेब कागदावर केला तर निम्मी खरेदी आपोआप ठरते. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओमच्या आवृत्त्यांत मिळाला आहे. फोनवर ऐकणाऱ्याने 250 ओमचा घेऊन मग त्याच्यासाठी अँप शोधत हिंडण्यात अर्थ नाही.

शक्तीइतकीच महत्त्वाची, पण जाहिरातीत क्वचित छापली जाणारी गोष्ट म्हणजे अँपचा स्वतःचा रोध. तो हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा, असा जाणकारांचा दंडक आहे. कारण सोपं आहे. साध्या, म्हणजे डायनॅमिक हेडफोनचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. 300 ओमचा हेडफोन खर्जाच्या भागात 500 ओमपर्यंत चढतो. अँपचा रोध 120 ओम असेल तर त्या भागात दाब जास्त पडतो आणि खर्ज साधारण एक डेसिबलने फुगतो. व्हॉल्व्हच्या अँपबद्दल जो गोडवा सांगितला जातो, त्यातला बराचसा इथं उगम पावतो. बॉटलहेड क्रॅकसारखा हाताने जोडायचा व्हॉल्व्ह अँप आणि 300 ओमचा सेनहायझर ही जोडी म्हणूनच जमते, आणि ती ऐकायला खरोखर सुंदर लागते. तोच अँप 32 ओमच्या हेडफोनला लावला तर खर्ज सैल होतो. कानात घालायच्या, अनेक ड्रायव्हर असलेल्या आयईएमचा रोध तर 10 ते 40 ओम असा हेलकावे खातो. अँपचा रोध 10 ओम असला तरी चार डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे गायकाचा आवाजच बदलला. प्लेनर जातीच्या हेडफोनचा रोध जवळपास सपाट असतो, त्यांना या भानगडीची झळ पोचत नाही.

आता साउंड कार्ड. ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर घेतला त्यांना साउंड ब्लास्टर हे नाव आठवेल. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने ते 1989 साली आणलं आणि कॉम्प्युटरला गळा फुटला. पुढे मदरबोर्डवरच आवाजाची चिप येऊ लागली. 2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने कार्डाच्या आतली प्रक्रिया बाजूला सारली आणि वेगळ्या कार्डाचं मुख्य कारण संपलं. असूसने 2009 मध्ये काढलेलं झोनार एसेन्स एसटीएक्स हे खास हेडफोनवाल्यांसाठीचं कार्ड, 600 ओमपर्यंत चालवणारं; त्या काळात ते योग्यच होतं. आज मात्र कॉम्प्युटरच्या डब्याच्या आत आवाजाची नाजूक कामं करण्यात शहाणपण नाही. शेजारी ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय, दोन्ही सतत विजेचा कचरा उडवत असतात. माऊस हलवला की कानात चर्र आवाज येतो, तो याच कचऱ्याचा. खेळांसाठी चहूबाजूंचा आवाज हवा असेल त्यांनी कार्ड घ्यावं. गाणं ऐकणाऱ्याने यूएसबीवरचा बाहेरचा डबा घ्यावा.

डॅकबद्दल लोकांच्या मनात सर्वांत जास्त धुकं आहे. तो आकड्यांतून सिग्नल बनवतो, त्यापलीकडे काही नाही. सीडीचे 16 बिट म्हणजे 96 डेसिबलचा पल्ला, आणि शांत खोलीचा स्वतःचा आवाजच 30 डेसिबलच्या आसपास असतो. आजचा साधा डॅकही सीडीच्या पल्ल्याच्या पलीकडे जातो. एकाच पातळीवर ऐकवल्यावर दोन चांगल्या डॅकमधला फरक सांगणं फार कठीण आहे. चिपच्या नावावर भाळणाऱ्यांना 2020 चा ऑक्टोबर आठवून पाहायला हरकत नाही. 20 तारखेला जपानमधल्या नोबेओका इथल्या, डॅकच्या चिपा बनवणाऱ्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, ती काही दिवस धुमसत राहिली आणि जगभरच्या डॅकवाल्यांचा पुरवठा तुटला. फिओला आपल्या के-9 प्रोमध्ये एकेएमच्या जागी ईएसएसच्या चिपा बसवाव्या लागल्या. यंत्र तरीही उत्तमच राहिलं. चिप हा एक भाग आहे. तिच्याभोवतीचा वीजपुरवठा, फिल्टर आणि मांडणी यांवर निकाल ठरतो.

स्वच्छ अँप स्वस्तात होऊ शकतो, हे सिद्ध करणारी एक गोष्ट 2011 सालची आहे. एका निनावी इंजिनिअरने ओ-टू नावाच्या अँपची रचना मोजमापांसह सर्वांसाठी खुली केली. दोन 9 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारा तो साधा डबा महागड्या यंत्रांच्या बरोबरीने मोजला गेला. पुढच्या वर्षी तो माणूस गप्प झाला, पण त्याने पायंडा पाडला होता. अमेरिकेतल्या शीट कंपनीने 2012 च्या अखेरीस मॅग्नी अँप आणि मोडी डॅक 99 डॉलरला एकेक आणले. नंतर टॉपिंग, एसएमएसएल, फिओ या चिनी कंपन्यांनी बाजार भरून टाकला. आज एकाच डब्यात डॅक आणि अँप देणारा फिओचा के-7 घ्या. तो 32 ओमला बॅलन्स्ड जॅकमधून दोन वॉट देतो. मघाच्या गणितात हे आकडे घालून पाहिले तर एचडी 600 ला तो भरपूर आहे आणि सुस्वारालाही पुरतो. बॅलन्स्ड वायरने आवाजात जादू होते म्हणतात. जादू काही नाही, दाब दुप्पट मिळतो. जड हेडफोनला त्याचा उपयोग, हलक्याला नाही.

या सगळ्यापेक्षा माळव्यातल्या घराला जो त्रास खरोखर होतो, तो वेगळा आहे. रात्री उशिरा, उज्जैनच्या फ्रीगंजची वर्दळ ओसरल्यावर, लॅपटॉप चार्जरवर ठेवून हेडफोन कानाला लावा आणि काहीच वाजवू नका. अनेक घरांत एक मंद गुंजारव ऐकू येतो. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, आणि वीजपुरवठ्याच्या डब्यातून तिचा दुप्पट, 100 हर्ट्झचा, स्वर गळतो. आता पुरुष गायकाने काळी एक घेतली आहे असं धरा. त्याचा षड्ज 138 हर्ट्झच्या आसपास, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, 69, आणि मंद्र पंचमाची पहिली तार 104 हर्ट्झला. म्हणजे विजेचा 100 हर्ट्झचा गुंजारव त्या पंचमाच्या बरोबर खाली, चार हर्ट्झने उतरलेला. तंबोरा सुरू झाला की दोन्ही एकमेकांना घासतात आणि सेकंदाला चार ठोके पडतात. ज्याने आयुष्यभर सूर जुळलेले तंबोरे ऐकले, त्याला हे कुठे खुपतंय ते कळत नाही, पण खुपतं. तो मग हेडफोनला दोष देतो.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुंजारव गेला तर रोग सापडला. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसतं, किंवा असलं तरी जमिनीपर्यंत पोचत नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणं हे कोणत्याही डॅकपेक्षा जास्त सुधारणा करतं. कॉम्प्युटर आणि अँप एकाच बोर्डावर लावावेत, म्हणजे जमिनीचे दोन रस्ते तयार होत नाहीत. तरीही गुंजारव राहिला तर फोनवरून ऐकावं, तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो.

कुमारांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणं ऐकताना या शांततेची किंमत कळते. टेपचा सुस्कारा असतोच, तो कोणताही डॅक पुसू शकत नाही आणि पुसू नये. पण त्या सुस्काऱ्याच्या मागे जवारी असते. तार छेडली की घोडीवरच्या सुतामुळे स्वर उमलत जातो, वरचे स्वर एकामागून एक सुटतात आणि शेपूट लांबत लांबत विरतं. यंत्रांच्या चांगल्या साखळीतून पुढची तार छेडेपर्यंत ते शेपूट ऐकू येतं. गडबडीच्या साखळीत ते मध्येच तुटतं आणि तंबोरा नुसता टणटण वाजतो. अमीर खाँसाहेबांचा मंद्रातला विलंबित आलाप ही दुसरी कसोटी. तिथं खर्ज फुगला की आवाज पोकळ होतो. अँप पारखायला ढोलताशाचा ट्रॅक नको, या दोन गोष्टी पुरतात.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी आणखी थोडं. डोंगल अँड्रॉइडवर लावला आणि आवाज अर्धाच आला, तर यंत्र खराब समजू नका. ॲपलचा डोंगल तिथं असाच वागतो. ब्लूटूथवरच्या एलडीएसीसारख्या चांगल्या पद्धतीचाही वेग सेकंदाला 990 किलोबिट, सीडीचा 1411. प्रवासात ठीक, बैठकीला वायरच बरी. बरेच फोन आणि विंडोज आवाज आपल्या मापात बदलून पाठवतात. कॉम्प्युटरवर एक्सक्लुझिव्ह मोड लावला की हे थांबतं आणि खर्च शून्य.

आणि आवाजाची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 80 डेसिबल आठवड्याला 40 तासच सुरक्षित आहेत, आणि तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. शक्तिशाली अँप मोकळ्या जागेसाठी घ्यायचा, मोठ्याने ऐकण्यासाठी नाही. गेलेला कान परत येत नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगा.

इंदूरला एखाद्या दुकानात ऐकायला जाल तेव्हा आपली फाइल पेनड्राइव्हवर न्या आणि दोन्ही यंत्रांचा आवाज मोजून एकसारखा करायला सांगा. अर्धा डेसिबल जास्त वाजणारं यंत्र प्रत्येकाला चांगलं वाटतं. तंबोरा आणि मंद्र आलाप ऐका. फरक सापडला नाही, तर स्वस्त डबा घ्या आणि उरलेले पैसे हेडफोनला लावा. सापडला, तर तो किती पैशांचा आहे ते तुमच्या कानाला विचारा, दुकानदाराला नाही.