गोराईकाठचं कुष्टिया

आज आपण बांगलादेशातल्या कुष्टिया जिल्ह्याकडे वळू या. उत्तरेला पद्मा, म्हणजे आपली गंगाच, आणि तिच्यातून फुटून दक्षिणेला जाणारी गोराई. १९४७ पर्यंत हा सगळा भाग नदिया जिल्ह्यात होता. फाळणीत नदियाचे दोन तुकडे झाले आणि हा तुकडा पूर्व पाकिस्तानात गेला.

लोक इथे येतात ते मुख्यतः दोन जागांसाठी. शिलाईदहाची टागोरांची कुठीबाडी आणि छेउडियाचा लालन शाहांचा आखाडा. टागोरांबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. लालन १८९० साली वारले. ते जन्माने हिंदू की मुसलमान, हा वाद आजही चालतो. त्यांनी स्वतः उत्तर दिलं नाही, उलट जात विचारणाऱ्यांनाच गाण्यांतून प्रश्न विचारले. आणि बघा, ही गाणी त्यांनी स्वतः लिहून ठेवली नाहीत. शिष्यांनी ती गळ्यात जपली, काहींनी वह्यांत उतरवली. पुढे रवींद्रनाथांनी त्यांतली काही 'प्रवासी' मासिकात छापली, तेव्हा शहरी वाचकांना ती कळली.

मला मात्र तिसरं गाव जास्त महत्त्वाचं वाटतं, कुमारखाली. तिथल्या हरिनाथ मजुमदारांनी (लोक त्यांना कांगाल हरिनाथ म्हणत) १८६३ साली 'ग्रामवार्ता प्रकाशिका' काढली. खेड्यातल्या माणसाने खेड्याबद्दल चालवलेलं पत्र! निळीचे मळेवाले, सावकार, जमीनदार, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. त्या जमीनदारांत टागोर घराणंही होतं. रवींद्रनाथ कारभार बघायला येण्याच्या आधीची ही गोष्ट, पण कुठीबाडी बघताना ती लक्षात ठेवावी. 'विषाद सिंधु'कार मीर मुशर्रफ हुसेन याच पत्रात लिहीत. पत्र शेवटी पैशांअभावी बंद पडलं.

आता नदी. आख्यायिका अशी, की देवी आलेले लालन कालीगंगेच्या काठी पडलेले सापडले आणि एका विणकर कुटुंबाने त्यांना वाचवलं. ती कालीगंगा आता नावापुरती उरली आहे. गोराईचंही तसंच होऊ नये, ही भीती आहे. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाल्यापासून उन्हाळ्यात पद्मेचं पाणी घटतं, गोराईच्या तोंडाशी वाळू साचते आणि ड्रेजर लावावे लागतात. वरून गोडं पाणी आलं नाही, की खाली खुलना आणि सुंदरबनाकडे समुद्राचं खारं पाणी आत चढतं. गंगेच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार १९९६ चा, तीस वर्षांचा. म्हणजे मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत.